कंपवात कोठून येतो?

गेल्या वर्षीं लक्ष्मीपूजनास आम्ही सारीं भावंडें गांवच्या घरीं जमलों होतों. घर नगर जिल्ह्यांतलें. सरकारदरबारीं २०२४ पासून जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें असलें तरी जुन्या संवयीनें आमच्या तोंडीं अद्याप नगरच येतें. शेत प्रवरेच्या कालव्याखालचें. पूजेसाठीं नवी वही आणली होती आणि माळ्यावरच्या जुन्या वह्या खालीं काढून त्यांवरची धूळ झटकण्याचें काम मुलांवर सोंपविलें होतें. शेतीचा जमाखर्च १९६८ पासून आमच्या चुलत्यांनीं, म्हणजे घरांतल्या सर्वांच्या अण्णांनीं, स्वतःच्या हातें लिहिलेला. वह्या चाळतां चाळतां एक नात सहज विचारती झाली, "अण्णाआजोबांनीं पुढें पुढें कागद वांचवायला बारीक लिहायला सुरुवात केली का?"

आम्ही वह्या ओळीनें मांडून पाहिल्या. १९९४ च्या वहींत टपोरें, गोल, मोडीच्या वळणाची आठवण करून देणारें अक्षर. २००३ च्या वहींत ओळ मोठ्या अक्षरांत सुरू होते आणि समासाकडे जातां जातां बारीक होते. २००७ च्या वहींत उंसाच्या बिलाचे आंकडे मुंग्यांच्या रांगेसारखे, वाचावयास भिंग लागावें असे. अण्णांस कंपवात झाल्याचें निदान पुण्यास २०१० सालीं झालें. वहीस तें वैद्यांच्या आधीं सात वर्षें ठाऊक होतें.

मग काकूंनाही आठवूं लागलें. "तूप करपलें तरी यांना वास येत नसे. मी आपली समजें, लक्ष नाहीं म्हणून." रात्रीं झोंपेंत ओरडून उठणें, हातपाय झाडणें हेंही पुष्कळ वर्षें चाललें होतें, घरांत त्यावर थट्टा होई. मलावरोध तर कोणाच्या हिशेबींच नव्हता. हीं सारीं या रोगाचीं पूर्वचिन्हें असूं शकतात, आणि हात थरथरूं लागण्यापूर्वीं दहा दहा वर्षें तीं दिसूं शकतात, हें आतां वैद्यकशास्त्र मान्य करतें. हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवतों, कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्याची किल्ली यांतच आहे.

प्रश्न निघाला तो असा, कीं हें आलें कोठून? काकूंचें मत ठाम होतें. "त्या पांढऱ्या औषधानें. उघड्या हातांनीं धुरळीत असत, आणि त्याच हातांनीं न्याहारीला बसत." पुण्याचे वडील बंधु म्हणाले, वय झालें कीं होतें, शेतास दोष कशाला? अण्णांचा धाकटा मुलगा, जो आज तेंच शेत पाहतो, तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. शेवटीं म्हणाला, "दादा, मग मी काय करायचें तेवढें सांगा." या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्हीं जें वाचलें आणि विचारलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

रोगाचें स्वरूप थोडक्यांत असें. मेंदूच्या तळाशीं काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथें डोपामीन नांवाचें द्रव्य तयार होतें व त्याच्या योगानें हालचालींस सुरळीतपणा येतो. या पेशी हळूहळू नष्ट होतात. निम्म्याहून अधिक गेल्यावर हात थरथरणें, अंग ताठणें, चाल मंदावणें हीं लक्षणें उघड दिसतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सननें १८१७ सालीं या रोगावर निबंध लिहिला म्हणून पाश्चात्त्य वैद्यकांत त्याचें नांव रोगास मिळालें. आपल्या आयुर्वेदास वेपथु व कंपवात हीं लक्षणें पूर्वींपासून परिचित होतीं. ज्या खाजकुइलीचें बीं वैद्य वापरीत, त्यांतून मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं एल-डोपा वेगळें काढून दाखविलें. आज जगभर कंपवाताच्या रोग्यास जें मुख्य औषध देतात तें हेंच. (यावरून कोणीं परसांतल्या शेंगा कुटून म्हाताऱ्यांस चारूं नयेत. मात्रा चुकली तर अनर्थ होतो.)

आतां भूगोलाकडे वळूं. कोणता रोग कोठें अधिक होतो हें पाहिलें कीं कारणाचा माग लागतो, हा जुना आणि अनुभवाचा मार्ग आहे. कंपवाताच्या बाबतींत हिंदुस्थानांतील सर्वांत प्रसिद्ध मोजणी मुंबईची. डॉ. नादिर भरुचा व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या पारशी वसाहतींत दारोदार जाऊन १४,०१० लोक तपासले. त्यांत ४६ जणांस हा रोग आढळला, म्हणजे लाखामागें सुमारें ३२८. हे निष्कर्ष १९८८ सालीं प्रसिद्ध झाले. याच्या उलट, काश्मीरच्या ग्रामीण भागांत १९८६ सालीं ६३,६४५ लोकांची पाहणी झाली, तेथें प्रमाण लाखामागें अवघें १४ निघालें. बंगळूर शहर व आसपासचीं खेडीं मिळून लाखाहून अधिक लोकांच्या पाहणींत तें ३३ आलें.

एका देशांत ३२८, ३३ आणि १४! नुसते आंकडे वाचणारास वाटावें कीं मुंबईच्या हवेंत कांहीं विष आहे आणि काश्मीरच्या हवेंत अमृत. पण पारशी समाजांत वृद्धांचें प्रमाण देशांत सर्वांत अधिक. काश्मीरच्या खेड्यांत त्या काळीं मुलांची संख्या मोठी व साठी ओलांडलेले थोडे. कंपवात हा मुख्यतः साठीनंतरचा रोग असल्यामुळें जेथें म्हातारे अधिक तेथें तो अधिक दिसणारच. वयाचा हा फरक हिशेबांत धरला कीं अंतर बरेंच कमी होतें, तरी अगदींच नाहींसें होत नाहीं. पारशी लोक पिढ्यान् पिढ्या आपसांत विवाह करीत आले, म्हणून रक्ताचा भाग असूं शकेल. दुसरें असें कीं अग्नि पवित्र मानल्यामुळें त्यांच्यांत धूम्रपान निषिद्ध आहे. आणि विडी-सिगारेट ओढणारांस कंपवात कमी होतो असें अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसून आलें आहे. हें वाचून आमच्या एका मेहुण्यांस जो आनंद झाला तो वर्णन करण्यासारखा नव्हे. त्यांस आम्हीं सांगितलें कीं, तंबाखूनें माणूस ज्या रोगांनीं आधीं जातो त्यांची यादी लांबलचक आहे.

या आंकड्यांचा आणखी एक अर्थ आहे. भरुचांच्या पथकानें दार ठोठावलें म्हणून ४६ रोगी सांपडले. दार ठोठावलेंच नसतें तर त्यांतले कित्येक "वय झालें आहे" या नांवाखालीं घरांतल्या कोपऱ्यांत बसून राहिले असते. म्हणजे रोगाचा नकाशा हा पुष्कळ अंशीं मोजणीचा नकाशा असतो. आमच्याच घरचें पाहा. अण्णांचें सारें आयुष्य प्रवराकांठीं गेलें, निदान झालें पुण्यास थोरल्या मुलाच्या घरीं राहत असतांना. त्या दवाखान्याच्या वहींत ते पुण्याचे रोगी. ज्या मातींत रोगाचें मूळ असेल तर असेल, तिच्या नांवावर ही नोंद कधींच पडली नाहीं. पूर्वचिन्हें दहा वर्षें आधीं आणि कारण त्याही आधीं कित्येक वर्षें, असा हा लांब पल्ल्याचा रोग आहे. तेवढ्या काळांत माणूस गांव सोडतो, धंदा बदलतो, विहीर बुजते, औषधाच्या डब्यावरचें नांवही बदलतें.

तरीही कारणाचा शोध अगदींच आंधळा नाहीं. त्याला खरी दिशा मिळाली ती एका विलक्षण प्रसंगानें. १९८२ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतल्या कांहीं तरुणांस एकाएकीं कंपवाताची पूर्ण लक्षणें दिसूं लागलीं. ते पुतळ्यासारखे ताठले. डॉ. लँग्स्टन यांनीं मूळ शोधलें तेव्हां कळलें कीं त्यांनीं चोरून बनविलेलें एक मादक द्रव्य टोंचून घेतलें होतें व त्यांत एम.पी.टी.पी. नांवाची भेसळ तयार झाली होती. बाहेरून आलेला एखादा पदार्थ नेमक्या त्याच काळसर पेशी मारूं शकतो हें तेव्हां निर्विवाद सिद्ध झालें. शरीरांत एम.पी.टी.पी.पासून जो पदार्थ बनतो, त्याची घडण पॅराक्वाट नांवाच्या तणनाशकाशीं फार मिळतीजुळती आहे, आणि तेथूनच शास्त्रज्ञांची नजर शेतांकडे वळली.

१९८७ सालीं कॅनडांतल्या क्वेबेक प्रांतांत शेतीच्या भागांत रोगी अधिक असल्याचें दाखविण्यांत आलें. २००० सालीं रोटेनोन नांवाचें कीटकनाशक उंदरांच्या रक्तांत दीर्घकाळ सोडून त्यांच्यांत रोगाचें चित्र निर्माण करण्यांत आलें. रोटेनोन हें वनस्पतीच्या मुळांतून निघतें, हें "वनस्पतीचें म्हणजे निरुपद्रवी" अशी समजूत असणारांनीं लक्षांत ठेवावें. २००९ सालीं कॅलिफोर्नियाच्या शेतीप्रधान खोऱ्यांत असें आढळलें कीं ज्यांच्या घरापासून पांचशें मीटरांच्या आंत पॅराक्वाट व मॅनेब या दोहोंची फवारणी होत होती, त्यांस रोगाचा धोका सुमारें पाऊणपट अधिक होता. यांत स्वतः फवारणारेच नव्हेत, तर नुसते जवळ राहणारेही आले. २०११ सालच्या पाहणींत पॅराक्वाट किंवा रोटेनोन हाताळणारांत धोका सुमारें अडीचपट दिसला. फ्रान्सनें २०१२ सालीं कीटकनाशकांशीं संबंध आलेल्या शेतकऱ्यांचा कंपवात हा धंद्यांतून होणारा रोग म्हणून कायद्यानें मान्य केला. युरोपीय संघांत पॅराक्वाट २००७ पासून वर्ज्य आहे. आपल्याकडे देशभर तशी सरसकट बंदी नाहीं.

काकूंचें "पांढरें औषध" मात्र निराळें. ती बी.एच.सी.ची भुकटी. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं ज्वारीवर, कपाशीवर, उंसावर, इतकेंच काय धान्याच्या कणग्यांभोंवतींही ती सर्रास पडे. फडक्याची पुरचुंडी करून ती काठीनें झटकीत जावयाचें, अशी रीत होती. १९९७ सालीं आपल्या देशांत तिच्यावर बंदी आली. तिचा एक घटक चरबींत मुरतो आणि वर्षानुवर्षें शरीरांत टिकतो. अमेरिकेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत कंपवाताच्या रोग्यांच्या रक्तांत तो निरोगी लोकांपेक्षां अधिक वेळां आढळला. दिल्लीकडील रोग्यांचें रक्त तपासून २०१३ सालीं जी माहिती प्रसिद्ध झाली तींतही या जातीच्या जुन्या कीटकनाशकांचे अंश दिसून आले. म्हणजे काकूंचा संशय अडाणीपणाचा नव्हता. पण संशय आणि पुरावा यांत अंतर आहे. त्याच काळीं तीच भुकटी झटकणारे हजारो लोक जन्मभर ताठ चालले. बीज आणि क्षेत्र दोन्ही जुळावीं लागतात, असें आपले वैद्य म्हणत. आजचे शास्त्रज्ञ याहून फार निराळें सांगत नाहींत. अण्णांचा कंपवात बी.एच.सी.नें झाला असें शपथेवर सांगणें कोणाही प्रामाणिक डॉक्टरास शक्य नाहीं, आणि झाला नाहीं असें सांगणेंही नाहीं.

महाराष्ट्रांतलें आणखी एक कारण शेताबाहेरचें आहे. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणी आहेत. या धातूची धूळ दीर्घकाळ नाकांत गेल्यानें कंपवाताशीं साम्य असलेला विकार होतो, हें १८३७ पासून ठाऊक आहे. मात्र तो या रोगाहून वेगळा आहे व एल-डोपास फारसा दाद देत नाहीं. याचप्रमाणें उलटीवरच्या व मनोविकारावरच्या कांहीं गोळ्यांनींही कंप सुटतो आणि गोळी बंद केल्यावर बहुधा ओसरतो. म्हणून घरांत कोणाचा हात कांपूं लागला तर शेतावर खापर फोडण्यापूर्वीं औषधांची पेटी डॉक्टरांस दाखवावी.

पाण्याविषयीं जी पाहणी आम्हांस सर्वांत बोलकी वाटली ती पुन्हां अमेरिकेचीच. तेथें पूर्व किनाऱ्यावरच्या एका लष्करी छावणीच्या विहिरींत ट्रायक्लोरोएथिलीन नांवाचें, यंत्रांचें तेलकट धुऊन काढण्याचें द्रव्य झिरपलें होतें. पश्चिम किनाऱ्यावरच्या दुसऱ्या छावणीचें पाणी शुद्ध होतें. दोहोंकडे माणसें एकाच वयाचीं, एकाच शिस्तीचीं. २०२३ सालीं हिशेब प्रसिद्ध झाला तो असा, कीं दूषित पाणी प्यालेल्या सैनिकांत चाळीसेक वर्षांनंतर कंपवाताचा धोका ७० टक्क्यांनीं अधिक होता. विहिरीचें पाणी, काळ आणि तुलनेस दुसरी छावणी, हीं तीनही हातीं लागलीं म्हणून उत्तर मिळालें.

अशा दोन छावण्या नगर जिल्ह्यांत निसर्गानें व माणसानें मिळून आधींच मांडून ठेवल्या आहेत. १७,०४८ चौरस किलोमीटरांचा हा राज्यांतला सर्वांत मोठा जिल्हा. उत्तरेस राहाता, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगांव हा भाग. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेचे कालवे वाहूं लागले, ऊंस आला, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाण्यामागून खतें व औषधें आलीं. दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत. पर्जन्यछायेंतला कोरडा मुलूख, ज्वारी-बाजरीचा, जेथें कित्येक वर्षें औषध मारण्याइतकें पीकच उभें राहत नसे. पश्चिमेस अकोल्याचे डोंगर, भाताचीं खाचरें आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. भाषा एक, जिल्हा एक, पण पाणी तीन तऱ्हांचें. मात्र येथेंही गुंता आहे: कोरड्या भागांतले लोक ऊंसतोडीसाठीं हिवाळाभर बागायतींतच राबतात. त्यांची मोजणी गांवच्या पत्त्यावर केली तर चूक होईल. कोणी किती वर्षें कोणत्या रानांत काम केलें, हेंच विचारलें पाहिजे.

२०११ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. काश्मीरचें प्रमाण धरलें तर त्यांत सुमारें ६४० रोगी निघावे, बंगळूरचें धरलें तर सुमारें १,५००. हें केवळ त्रैराशिक आहे. पण त्यावरून कळतें कीं ही माणसें मोजण्यासारखीं आहेत, अगणित नव्हेत. दारोदार जाण्याची रीतही येथें नवी नाहीं. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० पासून खेड्यांतल्याच बायकांस आरोग्याचें शिक्षण देऊन घरोघर पाठविलें. कुष्ठ आणि क्षय ज्यांस ओळखतां आला त्यांस बारीक होणारें अक्षर व न हलणारा हात ओळखतां येणार नाहीं असें नाहीं. लोणीस वैद्यकीय महाविद्यालय आहे, राहुरीस १९६८ पासून कृषिविद्यापीठ आहे. एकास रोग ठाऊक, दुसऱ्यास कोणत्या पिकावर केव्हां काय मारलें तें ठाऊक.

धाकट्या भावास आम्हीं जें सांगितलें तें असें. तणनाशकाच्या जागीं शक्य तेथें खुरपणी करावी, मजुरी वाढली तरी चालेल. जें फवारणें अटळ आहे तें वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, हातमोजे, तोंडावर योग्य जाळीचा मुखवटा व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून. आणि ते कपडे घरच्या बोळ्यांत न मिसळतां वेगळे धुवावे. यवतमाळांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक माणसें गेलीं. हळू मारणाऱ्या विषाचा विचार करतांना तात्काळ मारणाऱ्याचा विसर पडतां कामा नये. पंप विहिरीच्या कांठीं कधींही धुवूं नये. रिकामे डबे गोठ्यांत पाणी ठेवावयास घेऊं नयेत. आमच्या घरींच दोन सांपडले. आपल्याकडे या सर्वांस "औषध" म्हणतात, त्यामुळें मन निर्धास्त होतें. पिण्याचें पाणी आतां नळाचें येतें, शेतांतल्या विहिरीचें कोणी पीत नाहीं, असें भाऊ म्हणाला. त्यावर काकूंनीं विचारलें, "आणि रानांतले गडी काय पितात?"

तेव्हां आम्हांस आमच्या जुन्या गड्याची आठवण झाली. अण्णांच्याच वयाचा, पाठीवरचा पंप चाळीस वर्षें त्यानेंच वाहिला, कारण अण्णा पुढें पुढें बांधावर उभे राहून देखरेख करीत. त्याचा उजवा हात मांडीवर टेकलेला असतांना हलतो, चालतांना तो हात झुलत नाहीं, हें आम्ही तीन-चार दिवाळ्या पाहत होतों आणि म्हातारा झाला म्हणत होतों. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं भाऊ त्यास घेऊन जिल्ह्यांतल्याच एका मोठ्या रुग्णालयांत गेला. आम्हीही बरोबर होतों. तरुण डॉक्टरांनीं त्याचीं बोटें एकमेकांवर आपटून पाहिलीं, त्यास उठवून चालविलें, कागदावर रोगाचें नांव लिहिलें. धंदा या रकान्यांत त्यांनीं "मजुरी" असें लिहिलें होतें. भावानें वांकून तें वाचलें आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, त्यापुढें एवढें लिहा: औषध फवारणी, चाळीस वर्षें. आणि गांव आमचें लिहा, पुण्याचें नको." डॉक्टरांनीं एकदां त्याच्याकडे, एकदां गड्याच्या हाताकडे पाहिलें आणि तसें लिहिलें.